पॅरिसमधला फ्लॅट, परदेशातला खरेदीदार आणि मधला घरशोधक

पॅरिसमध्ये फ्लॅट विकत घेण्यासाठी फ्रेंच नागरिक असावे लागत नाही आणि तिथे राहण्याचा परवानाही लागत नाही. (फ्लॅट घेतला म्हणून तो परवाना मिळतो असेही नाही, हा गैरसमज आधीच दूर झालेला बरा.) कायद्याने दार उघडे ठेवले आहे, अडचण आहे ती अंतराची. चांगला फ्लॅट सकाळी बाजारात येतो, दुपारपर्यंत चार जण तो पाहून जातात आणि संध्याकाळी मालकाच्या हाती एखादा लेखी प्रस्ताव पडलेलाही असतो. परदेशातला खरेदीदार मात्र तोवर विमानाच्या तिकिटांचे दर पाहत बसलेला असतो. दुरून घर घेताना डोळे, सही आणि पैसा या तिन्ही गोष्टी कुणाच्या ना कुणाच्या हाती सोपवाव्या लागतात. घरशोधकाच्या हाती यांपैकी फक्त डोळ्यांचे काम द्यावे, सही आणि पैसा यांच्या वाटा वेगळ्या ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ते तसे का, हे पुढच्या तपशिलावरून लक्षात येईल.

फ्रेंच लोक या व्यावसायिकाला ‘शासर’ म्हणतात, म्हणजे शिकारी. दुकानाच्या काचेवर जाहिराती लावणारा इस्टेट एजंट बहुधा विक्रेत्याने नेमलेला असतो. घर लवकर आणि चांगल्या भावाला विकले जावे यात त्याचे हित असते. शासर उलट्या बाजूने काम करतो. त्याच्याकडे विकायला एकही घर नसते, असते ती फक्त खरेदीदाराची मागणी, आणि त्या मागणीत बसणारे घर तो शहरभर धुंडाळतो. अशा माणसाची गरज पडण्यामागे तिथल्या बाजाराची रचना आहे. विक्रीला असलेली सगळी घरे एकत्र दिसतील अशी, सर्व एजंटांना सामाईक असलेली एकच यादी फ्रान्समध्ये नाही. मालक एकाच घराचे काम तीन एजन्सींना देऊ शकतो, त्यामुळे तेच घर तीन जाहिरातींत तीन वेगळ्या छायाचित्रांसह आणि कधीकधी वेगळ्या किमतींनी दिसते. काही घरे तर जाहिरात होण्याआधीच ओळखीतल्या ग्राहकाला दाखवली जातात. रोज वीस-पंचवीस एजंटांशी फोनवर बोलणारा माणूस आणि दुसऱ्या देशातून संगणकावर जाहिराती चाळणारा माणूस यांना एकच बाजार दिसत नाही, तो असा.

हा व्यवसाय मोकाट नाही. २ जानेवारी १९७०चा ‘ओगे’ कायदा इस्टेट एजंटांना लागू आहे तसाच शासरलाही लागू आहे. त्याच्याकडे चेंबर ऑफ कॉमर्सने दिलेले व्यवसायपत्र असावे लागते, किंवा असे पत्र असलेल्या संस्थेने त्याला अधिकृत केलेले असावे लागते. काम सुरू करण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. त्यात मुदत, मोबदला आणि तो कोणी द्यायचा हे नमूद असते आणि कराराला नोंदवहीतला क्रमांक असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, व्यवहार पूर्ण होण्याआधी त्याला मोबदला घेता येत नाही. ‘शोध सुरू करण्याची फी’ किंवा ‘नोंदणी शुल्क’ आधी मागणाऱ्या माणसाशी बोलणे तिथेच थांबवावे, मग त्याचे संकेतस्थळ कितीही देखणे असो. करार दुरून, ईमेलने किंवा ऑनलाइन सही करून झाला असेल, तर ग्राहक म्हणून तो १४ दिवसांत मागे घेण्याचा हक्कही मिळतो.

मोबदला बहुतेक वेळा घराच्या किमतीच्या २ ते ३ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि इथे एक बारीक पेच आहे. टक्केवारीवर काम करणाऱ्याला घर महाग पडले तर जास्त मिळते. भाव पाडण्यात त्याचा थेट फायदा नसतो. प्रामाणिक शासर या मोहात पडत नाही हे खरे, पण केवळ प्रामाणिकपणावर विसंबणे हा काही व्यवस्थेचा भाग नव्हे. म्हणून ठरावीक रकमेवर काम करणारा, किंवा किमतीत मिळवलेल्या सवलतीशी आपला थोडा मोबदला जोडणारा शासर मिळाला तर उत्तमच. दुसरा प्रश्न तोंडावर विचारावा : विक्रेत्याच्या एजंटाच्या दलालीतला काही वाटा तुम्हाला मिळतो का? मिळत असेल तर तो माणूस पूर्णपणे आपला राहत नाही, आणि निदान हे आपल्याला ठाऊक तरी हवे.

शोध सुरू होण्याआधी मागणी लिहून द्यावी लागते आणि ही पायरी घाईने उरकणारे पुढे पस्तावतात. ‘मध्यवर्ती भागात, दोन खोल्यांचा, उजेडाचा फ्लॅट’ हे वाक्य पॅरिसमध्ये जवळजवळ निरर्थक आहे. शहराचे २० विभाग मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखे वळत बाहेर जातात आणि एकाच विभागात दोन गल्ल्यांच्या अंतरावर भाव बदलतो. एकोणिसाव्या शतकात ओस्मान या प्रशासकाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५३ ते १८७० दरम्यान, रुंद रस्त्यांच्या कडेला ज्या दगडी इमारती उभ्या राहिल्या त्यांची घडणच उद्‌वाहनाच्या आधीची आहे. त्या काळी दुसरा मजला प्रतिष्ठेचा होता, तिथली छते उंच आणि बाल्कनी लांब. छपराखालच्या चिंचोळ्या खोल्या मोलकरणींच्या. लिफ्ट नंतर जिन्याच्या पोकळीत कशीबशी बसवली गेली, त्यामुळे काही ठिकाणी तीत दोन माणसे उभी राहिली की सुटकेस मावत नाही आणि काही ठिकाणी ती अर्ध्या जिन्यावर थांबते. तळमजला शून्य धरला जातो, म्हणजे जाहिरातीतला ‘लिफ्टविना पाचवा मजला’ म्हणजे पाच जिने. मागच्या चौकाकडे तोंड असलेला फ्लॅट शांत असतो, पण चौक अरुंद असेल तर दुसऱ्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. मोलकरणीच्या खोलीचे आकर्षण ज्यांना वाटते त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ९ चौरस मीटर क्षेत्र आणि २.२० मीटर उंची, किंवा २० घनमीटर आकारमान, यांपैकी एकही अट पूर्ण न करणारी खोली राहण्यासाठी भाड्याने देता येत नाही.

म्हणून मागणीत विशेषणे कमी आणि मर्यादा जास्त असाव्यात : किती जिने चालतील, कोणता आवाज चालणार नाही, घर स्वतःसाठी की भाड्याने देण्यासाठी, आणि कोणत्या तीन गोष्टींपैकी दोन मिळाल्या तरी चालतील. चांगला शासर ही यादी वाचून पहिल्याच भेटीत ‘एवढ्या पैशांत हे मिळणार नाही’ असे सांगतो. ते ऐकायला कडू लागते, पण जो असे सांगत नाही त्याच्याविषयी मला अधिक शंका येते.

मग येते ती व्हिडिओवरून पाहणी. इथे खरेदीदाराने दिग्दर्शक व्हावे, कारण कॅमेरा हा फार विनयशील पाहुणा आहे, जे दाखवले तेच पाहतो. शासरला दारातून आत शिरण्याआधी रस्त्यावर उभे राहायला सांगावे : खाली काय आहे, उपाहारगृह की बेकरी, आणि तिची धुराची नळी कुठून वर जाते. मग जिना, पत्रपेट्या, चौकातली कचऱ्याची जागा. जिन्याच्या भिंतीला ओल आहे का, पत्रपेट्या मोडक्या आहेत का, यावरून ती इमारत स्वतःची काळजी कशी घेते ते दिवाणखान्यापेक्षा जास्त कळते. फ्लॅटमध्ये गेल्यावर खिडकी उघडून एक मिनिट काहीही न बोलता उभे राहायला सांगावे. नंतर खिडकी बंद करून पुन्हा एक मिनिट. या दोन मिनिटांतला फरक कोणत्याही वर्णनात सापडत नाही. लाकडी जमिनीवर एखादी गोटी ठेवून ती कुठे घरंगळते ते पाहता येते, नळ सोडून पाण्याचा जोर पाहता येतो, कपाटामागचा कोपरा हाताने चाचपता येतो. तळघरातली खोली फ्लॅटसोबत येत असेल तर तीही उतरून पाहावी. कागदावर तिचा क्रमांक एक आणि प्रत्यक्षात वापरात दुसरीच, असा घोळ होऊ शकतो. पाहणीनंतर शासरने लेखी अहवाल द्यावा आणि त्यात ‘हा फ्लॅट का घेऊ नये’ असा परिच्छेद असावाच, अशी अट करारातच घालून ठेवता येते.

किमतीबाबत मात्र कुणाच्याही डोळ्यांवर विसंबण्याची गरज नाही. फ्रेंच सरकारने प्रत्यक्ष झालेल्या विक्रीव्यवहारांची नोंद २०१९पासून सर्वांसाठी खुली केली आहे. गेल्या पाच वर्षांत कोणत्या रस्त्यावरच्या कोणत्या क्रमांकाच्या इमारतीत किती चौरस मीटर किती युरोंना विकले गेले, हे जगात कुठूनही विनामूल्य पाहता येते. २०२४ आणि २०२५मध्ये पॅरिसमधल्या जुन्या फ्लॅटांची सरासरी प्रति चौरस मीटर ९,००० ते १०,००० युरोंच्या दरम्यान राहिली, पण सरासरीवरून प्रस्ताव ठरवू नये. त्याच इमारतीतला किंवा शेजारच्या इमारतीतला व्यवहार शोधावा. मजला, दिशा आणि घराची अवस्था ही नोंद सांगत नाही. तो अर्थ लावून देणे हे शासरचे काम.

चौरस मीटरचाही एक कायदा आहे. १८ डिसेंबर १९९६च्या ‘कारेझ’ कायद्यानुसार सामाईक इमारतीतल्या फ्लॅटचे क्षेत्रफळ विक्रेत्याला लिहून द्यावे लागते आणि १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा त्यात धरता येत नाही. छपराखालच्या उतरत्या छताच्या घरात जमीन ३० मीटर आणि कायदेशीर क्षेत्रफळ २२, असे होते ते यामुळे. समजा, ४० चौरस मीटरचा फ्लॅट ४ लाख युरोंना घेतला आणि नंतर मोजणीत तो ३७.५ भरला. तूट विसांशाहून अधिक, म्हणजे २ चौरस मीटरपेक्षा जास्त आहे की नाही हे पाहायचे, कारण कायद्याची मर्यादा विसावा हिस्सा आहे. इथे ती ओलांडली गेल्याने वर्षाच्या आत दावा करून सुमारे २५ हजार युरो परत मागता येतात. फ्लॅट ३८.५ भरला असता तर काहीच मिळाले नसते.

भाड्याने देण्याचा विचार असेल तर ऊर्जाश्रेणी किमतीइतकीच महत्त्वाची ठरते. प्रत्येक घराला ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी मिळते. १ जानेवारी २०२५पासून ‘जी’ श्रेणीच्या घराचा नवा भाडेकरार करता येत नाही, ‘एफ’ची पाळी २०२८मध्ये आणि ‘ई’ची २०३४मध्ये येणार आहे. विजेवरचे हीटर आणि जुन्या खिडक्या असलेले छोटे फ्लॅट नेमके याच खालच्या श्रेणींत सापडतात. खिडक्या बदलता येतात, त्यासाठीही सहमालकांची संमती लागू शकते. पण दगडी दर्शनी भिंतीला बाहेरून आवरण घालणे एका मालकाच्या हातात नसते आणि आतून घातले तर आधीच लहान असलेली खोली आणखी आक्रसते. पर्यटकांना आठवड्याच्या बोलीने देऊ, हा पर्यायही परदेशस्थाला जवळपास बंद आहे. स्वतःचे मुख्य निवासस्थान पॅरिसकर वर्षाला जास्तीत जास्त ९० दिवस असे देऊ शकतो. दुसऱ्या घरासाठी वापरबदलाची परवानगी लागते आणि तिच्या अटी इतक्या खर्चिक आहेत की हिशेब क्वचितच जमतो. नेहमीच्या भाड्यावरही जुलै २०१९पासून कमाल मर्यादा आहे.

आता त्या कागदाकडे वळू, जो शासरने पूर्ण भाषांतर करून समजावलाच पाहिजे : सहमालकांच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते. फ्लॅटचा मालक हा जिना, छप्पर, भिंती यांचाही अंशतः मालक असतो, आणि त्याच्या हिश्श्याप्रमाणे त्याला खर्च उचलावा लागतो. शेवटच्या तीन वर्षांची इतिवृत्ते विक्रेत्याला द्यावी लागतात. ती कंटाळवाणी असतात आणि म्हणूनच त्यांत सत्य लपून राहते. पहिल्या वर्षी ‘छपराच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रके मागवावीत’ असा ठराव. दुसऱ्या वर्षी तीन अंदाजपत्रके सादर, निर्णय पुढे ढकलला. तिसऱ्या वर्षी विषय कार्यक्रमपत्रिकेवरून गायब. घर विकायला नेमके याच वेळी निघाले असेल, तर पुढच्या सभेत ते छप्पर पुन्हा वर येणार आणि त्याचे पैसे नवा मालक भरणार, हे समजायला ज्योतिषी लागत नाही. मंजूर होऊन गेलेल्या कामांचा हप्ता, दुसरे काही ठरले नसेल तर, मागणी येईल त्या दिवशी जो मालक असेल त्याच्यावर पडतो. म्हणून आधी मंजूर झालेल्या कामांचा खर्च विक्रेत्याने सोसावा, असे कलम करारात घालून घेतात. कोणते सहमालक पैसे थकवतात, इमारत कुणाशी न्यायालयात भांडते आहे, हेही याच कागदांत सापडते.

प्रस्ताव स्वीकारला गेला की प्राथमिक करार होतो आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही पक्ष बांधले जातात. दुसऱ्यात, जो पॅरिसमध्ये अधिक रूढ आहे, विक्रेता ठरावीक मुदतीपर्यंत घर राखून ठेवतो आणि खरेदीदाराने पुढे पाऊल टाकले नाही तर त्याची राखणीची रक्कम, बहुधा किमतीच्या १० टक्के, विक्रेत्याकडे जाते. दोन्ही प्रकारांत खरेदीदाराला १० दिवसांत कारण न देता माघार घेता येते. ही मुदत कराराचे नोंदणीकृत पत्र पहिल्यांदा पोहोचवले गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. प्रत्यक्ष घर पाहायला एकच विमानप्रवास परवडणार असेल, तर तो या १० दिवसांत करावा. शोधाच्या काळात नव्हे. त्यानंतर अंतिम कराराला साधारण तीन महिने लागतात, कारण कर्जाची मंजुरी यायची असते आणि घर स्वतः घेण्याचा अग्रहक्क वापरायचा की नाही हे ठरवायला महापालिकेला दोन महिन्यांपर्यंत वेळ असतो.

इथून पुढचा माणूस म्हणजे नोतेर. हा केवळ शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो राज्याने नेमलेला विधी अधिकारी असतो, मालकीहक्काची साखळी तपासतो, कर गोळा करतो आणि अंतिम करार त्याच्याच कार्यालयात होतो. खरेदीदाराला स्वतःचा वेगळा नोतेर नेमता येतो आणि त्याने खर्च वाढत नाही, कारण दोघे नोतेर तेच शुल्क वाटून घेतात. तरीही ‘विक्रेत्याचा आहेच की’ म्हणून लोक हा हक्क सोडून देतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. सहीसाठी पॅरिसला जाणे शक्य नसेल तर मुखत्यारपत्र द्यावे लागते, आणि ते नोतेरच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या नावे देण्याची पद्धत आहे. शासर कितीही भला असला तरी त्याच्या नावे देऊ नये, कारण व्यवहार झाला तरच ज्याला पैसे मिळणार तो आपल्या वतीने सही करणारा नसावा. २० नोव्हेंबर २०२०च्या आदेशापासून असे मुखत्यारपत्र नोतेरसमोर सुरक्षित व्हिडिओ जोडणीवरून करता येते. फ्रेंच येत नसेल तर दुभाषा मागावा. न समजलेल्या करारावर सही घेणे नोतेरलाही चालत नाही.

पैसा थेट नोतेरच्या खात्यावर बँकेतून जातो, विक्रेत्याच्या किंवा शासरच्या नव्हे. तो कुठून आला याचे पुरावे द्यावे लागतात, आणि स्वतःच्या देशातून तेवढी रक्कम बाहेर पाठवण्याचे नियम व त्याला लागणारा वेळ आधी तपासून ठेवावा. खात्याचा तपशील ईमेलने आला की नोतेरच्या कार्यालयाला, स्वतः शोधलेल्या क्रमांकावर, फोन करून तो अंकागणिक पडताळावा. ‘आमचे खाते बदलले आहे’ अशा बनावट ईमेलने परदेशी खरेदीदारांना गाठणे चोरांना सोपे जाते, कारण अशा खरेदीदारांना उठून कार्यालयात जाता येत नाही. वरचाच ४ लाखांचा फ्लॅट घेतला तर ‘नोतेरची फी’ म्हणून सुमारे ३१ ते ३२ हजार युरो लागतील. त्यातला मोठा भाग, जवळपास २५ हजार, प्रत्यक्षात हस्तांतरकर असतो, जो पॅरिसने २०२५मध्ये वाढवला. शासरचे अडीच टक्के धरले तर आणखी १० हजार. पुढे दरवर्षी मालमत्ता कर आहेच, शिवाय दुसरे घर म्हणून निवासकर आणि त्यावर पॅरिसचा ६० टक्के अधिभार. फ्रान्समधली निव्वळ स्थावर मालमत्ता १३ लाख युरोंच्या पुढे गेली तर संपत्तीकरही लागतो.

अंतिम सहीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी शासरने शेवटची फेरी मारावी : ठरलेल्या वस्तू जागेवर आहेत का, तळघर रिकामे केले का, वीज आणि पाण्याच्या मीटरवरचे आकडे काय आहेत, त्यांची छायाचित्रे. किल्ल्यांसोबत दाराचा सांकेतिक क्रमांक आणि पत्रपेटीची किल्लीही मागून घ्यावी. मालक बदलल्याची सूचना इमारतीच्या व्यवस्थापकाला नोतेर देतो. परदेशातला पत्ता त्यात बरोबर लिहिला आहे ना, हे मात्र स्वतः पाहावे. वार्षिक सभेची सूचना २१ दिवस आधी निघते, टपालाने ती समुद्र ओलांडेपर्यंत सभा होऊनही जाईल, म्हणून सूचना इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्यास सांगावे आणि मतदानाचा अधिकार कुणाला द्यायचा ते ठरवून ठेवावे. इतिवृत्तातून गायब झालेला छपराचा विषय बहुधा त्याच सभेत निघतो.